पगार नाही, घर विकलेलं, दोन लेकरं सोबत: मिशनरी पायलटचं कुटुंब परदेशी जायची तयारी कशी करतं?

रील्स बघता बघता तुमच्याही समोर हा व्हिडिओ कधीतरी आला असेल. डोंगरमाथ्यावर मातीची एक छोटी पट्टी. तिच्यावरून एक पंख्याचं विमान धावत सुटतं, पट्टी संपते आणि विमान थेट कड्यावरून खाली जातं. क्षणभर दिसेनासंच होतं. मग दरीतून अलगद वर येतं. खाली कमेंटमध्ये निम्मी जनता म्हणते एआय आहे, निम्मी म्हणते पायलटला मानलं पाहिजे.

तर ही जागा खरी आहे. दक्षिण आफ्रिकेने चारही बाजूंनी वेढलेल्या लेसोथो या चिमुकल्या देशातली ही मातेकाने नावाची धावपट्टी. लांबी साधारण ४०० मीटर, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर आणखी साडेसहाशे मीटर चढलात की जी उंची येईल, तिथे ही पट्टी आहे. लेसोथोच्या डोंगराळ भागात डॉक्टर-नर्स आणि पेशंटची ने-आण करणारी जी विमानं उडतात, ती चालवण्यात मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ या ख्रिस्ती संस्थेचा मोठा हात आहे.

व्हिडिओत पायलट एकटा दिसतो. पण तो तिथे सहसा एकटा आलेला नसतो. गावात त्याची बायको असते, दोन-तीन पोरं असतात. अमेरिकेतलं किंवा युरोपातलं घर विकून, आजी-आजोबांना टाटा करून, कुटुंबच्या कुटुंब तिथे राहायला आलेलं असतं. आणि या लोकांना एखाद्या एअरलाइनसारखा पगार मिळत नाही. उलट आपला पगार आपणच गोळा करून आणायचा असतो.

कसं? तीच गोष्ट आज समजून घेऊ.

सुरुवात एका बाईपासून

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा लढाऊ विमानं चालवलेल्या काही ख्रिस्ती तरुणांच्या डोक्यात एक विचार आला. बॉम्ब टाकायला विमान चालतं, तर औषधं टाकायला का नाही? १९४५ मध्ये अमेरिकेत संस्था स्थापन झाली. तिची पहिली पायलट होती बेटी ग्रीन. युद्धकाळात अमेरिकेच्या वास्प या महिला पायलट दलात तिने काम केलं होतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये १९३३ सालच्या जुन्या वाको विमानातून तिने दोन भाषांतरकार महिलांना मेक्सिकोत नेऊन सोडलं. संस्थेचं हे पहिलं उड्डाण. मोहीम काढायची कल्पना पुरुष पायलटांची आणि पहिलं विमान उडवलं बाईने, ही गोष्ट आजही या क्षेत्रातले लोक कौतुकाने सांगतात.

तिकडे ब्रिटनमध्येही अशीच संस्था उभी राहत होती. १९४८ मध्ये जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे ब्रिटिश हवाई दलातून आलेले दोघे माइल्स जेमिनी नावाच्या छोट्या विमानातून आफ्रिकेची पाहणी करायला निघाले. कुठे विमानसेवेची गरज आहे ते बघायचं होतं. बुरुंडीच्या डोंगरात त्यांचं विमान आदळलं, दोघंही वाचले. हेच हेमिंग्ज २०२४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, संस्थेसाठी निधी गोळा करायला स्पिटफायर विमानात बसून आकाशात गेले. तो व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

एमएएफ ही यातली सगळ्यात मोठी संस्था. पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया, काँगो, चाड, दक्षिण सुदान, मादागास्कर अशा ठिकाणी तिचं काम आहे. बायबलच्या भाषांतराचं काम करणाऱ्या विक्लिफ परिवारातली जार्स ही १९४८ पासूनची दुसरी मोठी संस्था. बाकी लहान संस्थाही बऱ्याच आहेत.

पण विमानच का? गाडी का नाही?

गडचिरोलीचा माणूस हा प्रश्न विचारणार नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि एखाद्या अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टर मागवावं लागतं, हे आपण दर पावसाळ्यात बातम्यांत वाचतो. आता कल्पना करा, हा पावसाळा बारा महिने आहे, पलीकडे रस्ता मुळातच नाही आणि दोन गावांच्या मध्ये तीन-चार हजार मीटरचे डोंगर आहेत. पापुआचा अंतर्भाग हा असा आहे. विमानाने वीस-पंचवीस मिनिटं लागतात त्या अंतराला पायी कित्येक दिवस जातात.

त्यामुळे ही विमानं सगळंच नेतात. लस, शाळेची पुस्तकं, मीठ, साबण, सोलर पॅनल, छपराचे पत्रे. परत येताना कॉफीची पोती, भाजीपाला आणि पेशंट. सरकारी अधिकारी, शिक्षक, धर्मप्रसाराशी काडीचा संबंध नसलेल्या संस्थांचे कार्यकर्तेही याच विमानातून जातात. तिकीट असतं, पण खर्चाच्या मानाने कमी. उरलेला खर्च देणग्यांतून भागतो.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे ही सगळी सेवा धर्माच्या प्रेरणेतून चालते आणि संस्था ते लपवत नाहीत. त्यावरून वादही आहेत. त्याकडे पुढे येतो.

पायलट तोच, मेकॅनिकही तोच

आपल्याकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स काढायला डीजीसीएच्या नियमाने २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. लायसन्स मिळालं की पोरगं इंडिगो-एअर इंडियाकडे डोळे लावून बसतं. मिशनरी पायलट होऊ बघणाऱ्याला अमेरिकेत कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग तर काढावं लागतंच, त्यावर काहीशे तासांचा अनुभव लागतो. आणि पारंपरिकरीत्या त्याच्याकडून आणखी एक गोष्ट अपेक्षित असते: विमान दुरुस्तीचं लायसन्स. अमेरिकेत त्याला ए अँड पी म्हणतात, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं काम येतं असा परवाना.

कारण साधं आहे. जंगलातल्या पट्टीवर टायर बसला किंवा इंजिन कुरकुरलं तर गॅरेजवाल्याला फोन लावता येत नाही. आता मोठ्या तळांवर फक्त पायलट किंवा फक्त मेकॅनिक असेही लोक घेतात, पण दोन्ही येणारा माणूस अजूनही सोन्यासारखा समजला जातो. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमधली मूडी बायबल इन्स्टिट्यूटची विमान शाखा आणि टेक्सासमधलं लेटर्नो विद्यापीठ ही या शिक्षणाची नावाजलेली ठिकाणं. तिथली चार-पाच वर्षं संपतात तोवर मुलगा किंवा मुलगी पंचविशीच्या आसपास असते. लग्न झालेलं असतं, कधी पाळणाही हललेला असतो. म्हणून तर जाणारी कुटुंबं इतकी तरुण असतात.

मग अमेरिकन एमएएफच्या मुख्यालयात बोलावणं येतं. हे आयडाहो राज्यातल्या नॅम्पा गावात आहे. गाव निवडलंय तेही विचार करून: आसपासच्या डोंगरांत आखूड, उंचावरच्या, कच्च्या पट्ट्या भरपूर आहेत. तिथे नव्या पायलटला डोंगरातलं उड्डाण शिकवलं जातं.

यातलं थोडं विज्ञान समजून घ्या, मग मातेकानेचा व्हिडिओ वेगळा दिसेल. उंचीवर हवा विरळ असते. गरम झाली की आणखी विरळ होते. विरळ हवेत पंख कमी उचल देतात, पंखा कमी ओढतो आणि साधं इंजिन कमी ताकद देतं. म्हणजे समुद्रकाठी जे विमान तीनशे मीटरमध्ये उडेल, त्याला वर डोंगरात त्याहून बरीच जास्त धाव लागते. नेमकी तिथेच पट्टी आखूड असते. म्हणून अशा बऱ्याच पट्ट्या उतारावर बांधलेल्या असतात. उतरायचं चढाच्या दिशेने, म्हणजे वेग आपोआप मोडतो. उडायचं उताराच्या दिशेने, म्हणजे वेग आपोआप मिळतो. वारा कुठूनही असो, वाट एकच. आणि उतरताना एक ठरावीक बिंदू ओलांडला की परत वर उठायची सोय नसते, कारण समोर डोंगर असतो. तो बिंदू येण्याआधीच पायलटने ठरवायचं: उतरायचं की निघून जायचं.

त्यातून एक गमतीचा नियम निघतो. प्रत्येक प्रवासी काट्यावर चढतो. पिशवी वेगळी, बाळ वेगळं आणि डुक्कर असेल तर तेही. कुणी लाजत नाही.

विमानांचीही एक गोष्ट आहे. वर्षानुवर्षं ही मंडळी सेसना २०६ वापरत आली. तिला लागतं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल. ते दूरच्या देशांत मिळेनासं झालं, मिळालं तर भाव आभाळाला भिडलेले. मग आयडाहोमधल्याच क्वेस्ट कंपनीने मिशनरी संस्थांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून कोडियाक नावाचं विमान बनवलं. ७५० अश्वशक्तीचं टर्बाइन इंजिन, ते चालतं जेट इंधनावर, म्हणजे रॉकेलच्या भावंडावर, जे जगात जवळपास कुठेही मिळतं. ही कंपनी २०१९ मध्ये फ्रान्सच्या दाहेरने विकत घेतली.

पगाराची वर्गणी

आता मुद्द्याचं. मिशनरी पायलटची निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं होत नाही. संस्था एक आकडा काढून देते: तुमच्या कुटुंबाला त्या देशात राहायला महिन्याला इतके डॉलर लागतील. त्यात घरखर्च, विमा, मुलांची शाळा, विमानाची तिकिटं, म्हातारपणाची तरतूद, सगळं आलं. हा आकडा देणगीदारांच्या मासिक वचनांतून पूर्ण करायचा. पूर्ण झाल्याशिवाय जायची परवानगी मिळत नाही.

गणपतीची वर्गणी आठवा. फक्त मंडळाची नाही, तुमच्या स्वतःच्या किराण्याची, आणि एकदा नाही, दर महिन्याला. दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये जायचं, फोटो दाखवायचे, काय करणार ते सांगायचं, नंतर कुणाच्या तरी घरी जेवताना तेच पुन्हा सांगायचं. एक पोस्टकार्डाएवढं कार्ड छापायचं, त्यावर हसरं कुटुंब आणि देशाचा नकाशा. हे कार्ड लोक फ्रिजवर लावतात. मग ईमेलने नियमित बातमीपत्र. कुणाची रक्कम काही महिन्यांत जमते, कुणाला दोन वर्षं लागतात. या काळात बरीच जोडपी घर विकून किंवा भाडं सोडून आई-वडिलांच्या तळघरात राहतात. तिशीतला माणूस, हातात दोन-दोन लायसन्सं, आणि बापाच्या घरी खालच्या खोलीत. आपल्याकडे शेजारपाजारचे काय बोलतील ते वेगळं सांगायला नको.

या पद्धतीचे तोटेही उघड आहेत. ज्याच्या ओळखी श्रीमंत चर्चमध्ये, त्याचं लवकर जमतं. ज्याचं बोलणं गोड, त्याचंही. उत्तम विमान उडवणारा पण स्टेजवर अडखळणारा माणूस मागे राहू शकतो. शिवाय एखाद्या देणगीदाराची नोकरी गेली की तिकडे आफ्रिकेत बसलेल्या कुटुंबाचं बजेट हलतं. म्हणूनच चार वर्षांनी सुट्टीवर घरी आलेली कुटुंबंसुद्धा आराम कमी आणि आभाराचे दौरे जास्त करतात.

बायकोचाही इंटरव्ह्यू

निवड फक्त पायलटची होत नाही. जोडीदाराला बसवून स्वतंत्रपणे विचारतात. मानसिक चाचण्या होतात, लग्न कसं चाललंय यावर प्रश्न येतात. याचं कारण संस्थांना अनुभवाने कळलंय. पायलटला जाग आल्यापासून काम असतं, ओळख असते, लोक त्याला ओळखतात. घरी राहिलेल्या माणसाला मात्र नव्या गावात वीज नसताना पोरांना शिकवायचं असतं, बाजारात नवी भाषा बोलायची असते, आणि दुपारी आभाळ भरून आलं की विमान अजून का आलं नाही याचा विचार करत बसायचं असतं. कुटुंबं मुदतीआधी परततात ती बहुधा घरातल्या कारणांनी.

याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडू उदाहरण इक्वेडोरचं आहे. १९५० च्या दशकात नेट सेंट हा एमएएफचा पायलट अॅमेझॉनच्या काठावर शेल मेरा गावात बायको मार्ज आणि तीन लहान मुलांसोबत राहत होता. रेडिओ मार्ज सांभाळायची. नवरा कुठल्या गावावर आहे, किती वाजता उतरणार, सगळं तिच्या वहीत. नेटने एक युक्ती काढली होती: विमान गोल-गोल फिरवत लांब दोरीने बादली सोडायची. घिरट्या बरोबर जमल्या की दोरीचं खालचं टोक वर्तुळाच्या मध्याशी जवळजवळ स्थिर लटकतं आणि खाली उभा माणूस बादलीतून वस्तू काढून घेऊ शकतो. बाहेरच्यांशी कसलाही संबंध नसलेल्या वाओरानी लोकांना याच पद्धतीने भेटी पाठवल्या गेल्या. त्यांनीही उलट भेटी बांधल्या, एकदा तर जिवंत पोपट. जानेवारी १९५६ मध्ये नेट आणि चार मिशनरी नदीकाठच्या वाळूवर उतरले. ८ जानेवारीला दुपारी साडेचारला रेडिओवर बोलायचं ठरलं होतं. साडेचार वाजले, रेडिओ बोलला नाही. पाचही जणांना भाल्यांनी मारण्यात आलं होतं.

आज उपग्रहावरून विमानाची जागा पडद्यावर दिसते. पण तळावर कुणीतरी बसून प्रत्येक उड्डाणावर लक्ष ठेवायची पद्धत तशीच आहे.

लस, व्हिसा, भाषा

कागदपत्रांचा भाग परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी घराला ओळखीचा वाटेल. काँगोला जायचं तर पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड हवं. ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. २०१६ पासून एकदा घेतली की हे कार्ड जन्मभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती सहसा देत नाहीत, त्यामुळे तान्हं मूल असेल तर निघायची तारीख कधी कधी त्याच्या वयावर ठरते. त्यावर मलेरियाच्या गोळ्या, रेबीज, टायफॉइड.

पायलटचं लायसन्स एका देशातून दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. भारतात परदेशी लायसन्स घेऊन आलेल्या मुलांना डीजीसीएच्या परीक्षा द्याव्या लागतात तसंच. इंडोनेशियात उडायचं तर तिथल्या विमान खात्याची मान्यता, कामाचा परवाना, राहण्याचा परवाना. अर्ज इकडून तिकडे फिरत राहतात आणि बॅगा भरून ठेवलेलं कुटुंब वाट बघतं.

आणि भाषा. पापुआला जाणारी कुटुंबं आधी जावा बेटावर महिनोन्‌महिने बहासा इंडोनेशिया शिकतात. काँगोवाले फ्रेंच शिकतात. पापुआ न्यू गिनीत आठशेहून जास्त भाषा आहेत, तिथे टोक पिसिनवर भागवावं लागतं. विमान उडवायला इंग्रजी पुरेल, पण "पोटातलं बाळ कितव्या महिन्याचं?" हे विचारायला पुरत नाही. आणि उंचावर कुणाला न्यायचं, कुणाला नाही, हे या उत्तरावर ठरतं.

आपल्या महाराष्ट्रानेही अशी कुटुंबं पाहिलीत, फक्त तेव्हा विमान नव्हतं. अमेरिकेतून गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१२ मध्ये जहाजाने निघाले, ते मुंबईला पोचले फेब्रुवारी १८१३ मध्ये. आल्याआल्या कंपनी सरकारने परत जायला सांगितलं. तरी ते राहिले, मराठी शिकले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढे अहमदनगरला याच मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केलं. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने गेले.

मुलं कुठली?

परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड' हा शब्द तुम्ही इन्स्टावर पाहिला असेल. दुबई किंवा सिंगापूरला वाढलेली मराठी मुलंही तो हल्ली बायोत लिहितात. हा शब्द भारतामुळे जन्मला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. जॉन आणि रूथ युसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोडपं १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचा अभ्यास करत होतं. त्यात अधिकारी होते, व्यापारी होते आणि मिशनरीही. त्यांना दिसलं की ही मुलं ना पूर्ण आई-वडिलांच्या देशाची, ना इथली. त्यांची एक तिसरीच संस्कृती तयार झालीय.

जाण्याआधी मुलांना घेऊन आई-वडील प्रशिक्षणाला जातात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत असे काही आठवड्यांचे वर्ग चालतात, त्यात मुलांचे वेगळे गट असतात. तिथे डेव्हिड पोलॉक या अभ्यासकाने मांडलेली निरोपाची पद्धत शिकवतात. 'राफ्ट' म्हणजे तराफा हे तिचं नाव आणि तिला चार लाकडं. पहिलं, ज्याच्याशी भांडण आहे ते मिटवून जा. दुसरं, ज्याने तुमच्यासाठी काही केलं त्याला तसं सांगा. तिसरं, निरोप नीट घ्या, फक्त माणसांचा नाही, घराचा, झाडाचा, कुत्र्याचाही. चौथं, जिथे जाणार त्या जागेचा खरा विचार करा. यातलं निरोपाचं लाकूड आई-वडील बहुतेकदा टाळतात, पोरं रडतील म्हणून. नंतर त्याचाच त्रास होतो, असं पोलॉक यांचं म्हणणं. पुण्याहून टोरांटोला निघालेल्या घरालाही हे चारही लाकडं तंतोतंत लागू पडतात, म्हणून इथे सविस्तर लिहिलं.

शाळेची सोय देशागणिक वेगळी. पापुआत सेंटानीला हिलक्रेस्ट नावाची आंतरराष्ट्रीय शाळा आहे, केनियात किजाबेला रिफ्ट व्हॅली अकॅडमी. बाकी ठिकाणी आईच शिक्षिका. आपल्याकडेही मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये कोडाईकनालला शाळा निघाली होती, ती आज आंतरराष्ट्रीय शाळा म्हणून प्रसिद्ध आहे.

जीवाची भीती

१२ मे २०२० ची सकाळ. जॉइस लिन ही एमआयटीतून कॉम्प्युटर सायन्स शिकलेली, चाळिशीची पायलट सेंटानीहून कोडियाक घेऊन एकटीच उडाली. मामित गावासाठी शाळेचं सामान आणि कोविडच्या टेस्ट किट होत्या. काही मिनिटांत तिने संकटाचा संदेश दिला. विमान सेंटानी तलावात पडलं, ती गेली.

धोका फक्त हवेतला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मोझांबिकमध्ये एमएएफच्या एका अमेरिकन पायलटला विमानतळावरच अटक झाली. अनाथाश्रमासाठीच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि खाण्याचं सामान तो उत्तरेला नेणार होता. तिथे बंडखोरी चालू असल्याने सरकारला संशय आला. तो चार महिने तुरुंगात राहिला. बायको आणि दोन लहान मुलं बाहेर. फेब्रुवारी २०२३ मध्ये पापुआत न्यूझीलंडच्या एका पायलटला फुटीरतावाद्यांनी उचललं आणि तब्बल दीड वर्षाहून जास्त काळ ठेवलं. तो मिशनरी नव्हता, व्यावसायिक कंपनीचा पायलट होता. पण आकाश तेच आणि पट्ट्याही त्याच. म्हणून निघण्यापूर्वी कुटुंबाला मृत्युपत्र करायला लावतात. दोघांनाही काही झालं तर मुलांचा सांभाळ कोण करणार, ते नाव कागदावर लिहूनच बॅग बंद होते.

आणि वाद

या कामाकडे सगळे कौतुकाने बघत नाहीत. इक्वेडोरचीच गोष्ट पुढे नेऊ. पाच जणांच्या मृत्यूनंतर नेटची बहीण आणि एका मृताची पत्नी १९५८ मध्ये त्याच वाओरानी लोकांत जाऊन राहिल्या. आपसातले खून कमी झाले, अनेकांनी धर्म बदलला. जगभर ही क्षमेची कथा म्हणून गाजली. पण त्याच काळात बरेच वाओरानी मिशनऱ्यांच्या वस्तीभोवती एका लहान भागात गोळा केले गेले, उरलेल्या जंगलात तेल कंपन्या शिरल्या, आणि १९६९ मध्ये पोलिओच्या साथीत लोक मेले. २०१९ मध्ये वाओरानींनी सुमारे पाच लाख एकर जंगल तेलाच्या लिलावापासून वाचवणारा खटला जिंकला. त्या लढ्याची नेता नेमोंते नेंकिमो हिने पुढे आत्मकथा लिहिली, तिच्यात मिशनऱ्यांवर कडक टीका आहे. ब्राझीलमध्ये २०२० साली न्यायालयाने जावारी खोऱ्यात मिशनऱ्यांना बंदी केली, कारण तिथे बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेल्या जमाती आहेत आणि साधा फ्लूही त्यांना संपवू शकतो. अंदमानच्या सेंटिनेल बेटावर २०१८ मध्ये गेलेल्या जॉन चाऊचं प्रकरण तर आपल्याला माहीतच आहे.

माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. आधीच बाहेरच्या जगाशी जोडलेल्या आणि स्वतः विमान मागणाऱ्या गावात औषध नेणं वेगळं. ज्यांनी बोलावलेलंच नाही, त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालणं वेगळं. आजची बहुतेक उड्डाणं पहिल्या प्रकारातली असतात. पण पेशंट विमानात चढतो तेव्हा शेपटीवर एका धर्माच्या संस्थेचं नाव असतं, आणि दुसरं विमान नसतं. पर्यायच नसताना घेतलेल्या मदतीला मोकळी निवड म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

यावर एक बदल हळूहळू होतोय. पापुआ न्यू गिनीत आणि इंडोनेशियात या संस्थांच्या विमानांवर आता स्थानिक पायलटही दिसू लागलेत. परदेशी कुटुंब आणायचं म्हणजे वर्षभराची वर्गणी, परवाने, भाषेचे वर्ग आणि शाळेची सोय. इंडोनेशियन पायलटला यातलं बरंचसं लागत नाही. सेंटानीच्या तळावर तो येतो तेव्हा बहासाच्या क्लासला बसावं लागत नाही, आणि सणाला आजी-आजोबांकडे जायला दोन-तीन देश ओलांडावे लागत नाहीत.